एका डॉलरचा कॅमेरा

वाढत्या वयाच्या मुलाला किंवा मुलीला पहिला कॅमेरा कोणता घेऊन द्यावा, हा प्रश्न घरांत निघाला म्हणजे तो बहुधा किंमतीपाशीं सुरू होतो आणि तेथेंच संपतो. वय तेरा-चौदा वर्षांचें, हौस किती दिवस टिकेल याचा भरंवसा नाहीं, वस्तु हातांतून पडणार हें तर ठरलेलेंच. तेव्हां स्वस्तांतला स्वस्त घ्यावा, असा वडीलधाऱ्यांचा निकाल असतो. या निकालांत वावगें कांहीं नाहीं. परंतु मुलांसाठीं म्हणून जो स्वस्त कॅमेरा निघाला त्याचा सव्वाशें वर्षांचा इतिहास चाळून पाहिला, तर स्वस्ताईची एक चमत्कारिक रीत नजरेस येते. कॅमेरा जेव्हां जेव्हां स्वस्त झाला तेव्हां तेव्हां त्याची किंमत दुसरीकडे कोठेंतरी जाऊन बसली. ती कोठें बसली हें पाहणें हाच या लेखाचा विषय आहे.

आरंभीं छायाचित्रण हें पोरांचें काम नव्हतेंच. १८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें कलोडियनची पद्धत प्रसिद्ध केली. तींत कांचेवर रसायन पसरून ती ओली असतांनाच चित्र घ्यावें लागे आणि ओली असतांनाच तें धुवावें लागे. म्हणजे जेथें चित्र तेथें अंधारी खोली, निदान काळा तंबू तरी, हवाच. मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, पुढच्याच वर्षीं एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनांत या विद्येचा वर्ग निघाला, आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी यांनीं या कलेंत नांव मिळविलें. परंतु हें सारें प्रौढांचें आणि सधनांचें काम. पुढें सुक्या कांचा आल्या, तरी खर्च उतरला नाहीं. फ्रान्समध्यें झाक आंरी लार्तीग याला १९०२ च्या सुमारास, तो सात-आठ वर्षांचा असतांना, वडिलांनीं कॅमेरा दिला तो तिपाईवर ठेवण्याचा, लांकडी आणि कांचांचा. वडील श्रीमंत होते म्हणून ही चैन झाली. त्यानें पोरवयांत टिपलेलीं उड्या मारणाऱ्या आप्तांचीं आणि मोटारींचीं चित्रें न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयांत १९६३ सालीं मांडलीं गेलीं, तेव्हां हा पोर ६९ वर्षांचा झाला होता!

अमेरिकेंत रॉचेस्टर येथील जॉर्ज ईस्टमन यानें १८८८ सालीं 'कोडॅक' नांवाची पेटी विक्रीस काढली. तींत शंभर चित्रांची फिल्म आधींच भरलेली असे. शंभर चित्रें घेऊन झालीं कीं पेटीच्या पेटी कारखान्याकडे पाठवावयाची; तेथें चित्रें छापून, नवी फिल्म भरून ती परत येई. धुण्याची कटकट ग्राहकाच्या डोक्यावरून गेली. मात्र पेटी २५ डॉलरांना आणि प्रत्येक फेरीचे १० डॉलर वेगळे. ही किंमत बापाच्या खिशाची होती, मुलाच्या नव्हे.

मुलाच्या खिशाची किंमत १९०० च्या फेब्रुवारींत आली. फ्रँक ब्राउनेल या कारागिरानें ईस्टमनसाठीं पुठ्ठ्याची एक पेटी बनविली. बाहेरून चामड्यासारखें काळें आवरण, पुढें एकाच भिंगाचा डोळा, आणि एक खटका. तिला 'ब्राउनी' हें नांव दिलें. रात्रीं गुपचूप घरकाम उरकून जाणारे बुटके स्कॉटलंडच्या लोककथांत या नांवानें ओळखले जातात, आणि पामर कॉक्स या चित्रकारानें ते त्या काळीं मुलांच्या ओठांवर आणून ठेवले होते. ईस्टमननें तींच चित्रें खोक्यांवर छापलीं. किंमत एक डॉलर. पहिल्याच वर्षांत दीड लाखांच्या आसपास पेट्या खपल्या.

पेटी अगदींच साधी होती. पहिल्या नगांना चित्र जुळविण्याची कांच नव्हती. वरच्या बाजूस दोन तिरप्या रेघा होत्या, त्यांच्या रोखानें पेटी धरावयाची. मागचें झांकण जोड्याच्या खोक्याच्या झांकणासारखें नुसतें बसविलेलें असल्यामुळें निसटे, म्हणून तें लौकरच बदलावें लागलें. पण हिशेब पाहण्यासारखा आहे. सहा चित्रांच्या फिल्मीस १५ सेंट पडत. सात फिल्मी घेतल्या कीं पेटीच्या किंमतीहून अधिक पैसे खर्च झाले, आणि हातीं बेचाळीस चित्रें, तींहि धुण्या-छापण्याचा खर्च धरल्यावांचून. ईस्टमनला पेटी विकावयाची नव्हती. त्याला फिल्म विकावयाची होती, आणि गिऱ्हाईक जितकें लहान तितकीं पुढचीं वर्षें अधिक, हें त्यानें ओळखलें होतें. यास कोणी लबाडी म्हणेल. आम्हांस ती लबाडी वाटत नाहीं. किंमत फिल्मींत जाऊन बसली होती हें उघड दिसत होतें. आणि प्रत्येक खटक्याला अडीच सेंट पडतात हें ज्या मुलाला ठाऊक असे, तें खटका दाबण्यापूर्वीं क्षणभर थांबे.

अशा थांबलेल्या मुलांपैकीं दोघांची हकीकत सांगण्यासारखी आहे. कॅनडांतील बर्निस पामर ही सतरा वर्षांची मुलगी १९१२ च्या एप्रिलांत न्यूयॉर्कहून 'कार्पेथिया' बोटीनें भूमध्य समुद्राकडे निघाली होती. थोड्याच महिन्यांपूर्वीं भेट मिळालेला ब्राउनी जवळ होता. १५ तारखेच्या पहांटे ती बोट बुडालेल्या 'टायटॅनिक'च्या उतारूंना वांचविण्यास धांवली आणि सातशेंच्या वर जीव तिनें उचलून घेतले. बर्निसनें त्या सकाळीं समुद्रांतील हिमनग टिपला, आणि डेकवर पांघरुणें लपेटून बसलेले लोक टिपले. जगांतील बडीं वर्तमानपत्रें ज्यासाठीं तळमळत होतीं तें एका शाळकरी वयाच्या मुलीच्या पुठ्ठ्याच्या पेटींत होतें. बोट न्यूयॉर्कला परत आल्यावर एका वृत्तचित्र-संस्थेच्या माणसानें तिला दहा डॉलर देऊन, चित्रें धुऊन-छापून परत करण्याच्या बोलीवर त्यांचे हक्क घेतले. दहा डॉलर म्हणजे दहा ब्राउनींची किंमत. तिला तो सौदा वाईट वाटला नसेल. तो कॅमेरा तिनें जपून ठेवला, आणि १९८६ सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेस देऊन टाकला.

दुसरा आन्सेल ॲडम्स. १९१६ सालीं, तो चौदा वर्षांचा असतांना, योसेमिटीच्या दरींत सहलीस गेला तेव्हां आईबापांनीं त्याला ब्राउनी घेऊन दिला. हाफ डोम नांवाचा सुळका टिपावा म्हणून तो एका कुजक्या झाडाच्या बुंध्यावर चढला. बुंधा ढांसळला आणि हा डोक्यावर पडतां पडतां त्याचें बोट खटक्यावर दाबलें गेलें. फिल्म धुणाऱ्या दुकानदारास मोठें कोडें पडलें. इतर चित्रांच्या ओळींत एवढें एकच उलटें कसें? पुढें याच दरीचीं चित्रें काढून ॲडम्स जगप्रसिद्ध झाला. घेतलेलें चित्र पुसतां येत नव्हतें, म्हणून हें उलटें चित्र मुळांत दुकानदारापर्यंत पोंचलें. आजच्या मुलानें तें त्याच क्षणीं पुसून टाकलें असतें.

१९०१ सालीं दुसऱ्या आकाराचा ब्राउनी निघाला, त्यासाठीं जी रुंद फिल्म काढली तीच '१२०' नंबरची फिल्म. ती आजहि तयार होते. मुलांच्या खेळण्यासाठीं काढलेला माल पुढें नांवाजलेल्या व्यावसायिकांच्या कॅमेऱ्यांत गेला. आपल्या मराठी घरांत ती आली ती बडोद्याहून. ज्या बडोद्याच्या कलाभवनांत दादासाहेब फाळके छायाचित्रण शिकले, त्याच शहरांत स्वातंत्र्यानंतरच्या काळांत आग्फाचा 'क्लिक-थ्री' हा साधा कॅमेरा तयार होऊं लागला, आणि एका पिढीचा तो पहिला कॅमेरा ठरला. एका रोलवर बारा चौकोनी चित्रें. रोल पुरा झाल्यावांचून धुवावयास टाकण्याची चाल नव्हती. त्यामुळें गणपतीची आरास आणि होळीचे रंगलेले चेहरे एकाच निगेटिव्हच्या पट्टीवर शेजारीं शेजारीं यावयाचे. आतांच्या पिढीस हें कंजूषपणाचें वाटेल. परंतु अमुक प्रसंग बारांतला एक देण्यासारखा आहे कीं नाहीं, हा निर्णय मुलास स्वतः करावा लागे, आणि घरांत दुसरा फारच थोडा निर्णय त्याच्यावर सोंपविलेला असे.

१९७५ सालीं ईस्टमनच्याच कारखान्यांत स्टीव्हन सॅसन या तरुण अभियंत्यानें फिल्मीवांचून चित्र घेणारें यंत्र जुळविलें. वजन साडेतीन किलोंहून अधिक, चित्रांत अवघे दहा हजार बिंदु, आणि एक चित्र कॅसेटच्या फितीवर उतरावयास २३ सेकंद. फिल्म विकून मोठी झालेली कंपनी या शोधाकडे साशंक दृष्टीनें पाहत राहिली, आणि २०१२ च्या जानेवारींत तिला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. मधल्या काळांत १९९५ सालीं जपानच्या कॅसिओनें पाठीवर पडदा असलेला 'क्यूव्ही-१०' बाजारांत आणला, आणि चित्र घेतल्याबरोबर पाहण्याची सोय झाली. पहिल्या प्रतीचा हा बदल होता. खटक्याचे अडीच सेंट नाहींसे झाले. मग किंमत गेली कोठें?

ती प्रथम आंकड्यांत गेली. दुकानदार मेगापिक्सेल मोजूं लागले आणि बाप त्याच मापानें पैसे मोजूं लागले. वस्तुतः चार बाय सहा इंचांचा फोटो चांगला छापावयास साडेएकवीस लाखांच्या आसपास, म्हणजे दोन मेगापिक्सेलांहून थोडेच अधिक बिंदु पुरतात. खरा भेद आहे तो ज्या पटलावर प्रकाश पडतो त्याच्या आकाराचा. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत हें पटल बहुधा सुमारें सहा मिलिमीटर रुंद आणि साडेचार उंच, म्हणजे हातावरच्या लहान नखाएवढें असतें. 'एक इंची' म्हणून विकलें जाणारें पटल क्षेत्रफळानें याच्या चौपट भरतें, पण तो कॅमेरा बराच महाग पडतो. आणि गंमत अशी कीं, १९०० सालच्या ब्राउनीचें चित्र सव्वादोन इंच चौरस असल्यामुळें तें या लहान पटलाच्या शंभरपटींहून मोठें होतें! भिंग मात्र त्याचें अगदींच बेताचें होतें, हेंहि सांगितलें पाहिजे. आजकाल मुलांसाठीं म्हणून जे अनामिक कॅमेरे अल्प दरांत मिळतात व ज्यांच्या खोक्यांवर अठ्ठेचाळीस मेगापिक्सेल छापलेले असतात, त्यांतले पुष्कळसे बिंदु यंत्रानें मागाहून कल्पनेनें भरलेले असतात. ते घेऊं नयेत, एवढें आम्ही निःसंशय सांगतों.

पुढें फोन आले. जपानी उत्पादकांच्या संघाच्या हिशेबाप्रमाणें २०१० सालीं जगांत बारा कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारांत गेले. २०२३ सालीं ती संख्या ऐंशीं लाखांच्याहि आंत आली. तेव्हां 'फोन आहे कीं, मग कॅमेरा कशाला?' हा प्रश्न योग्यच आहे, आणि त्याचें उत्तर प्रामाणिकपणें दिलें पाहिजे. संध्याकाळच्या मंद उजेडांत चांगला फोन स्वस्त कॅमेऱ्यास सहज मागें टाकतो. फोन अनेक चित्रें एकावर एक जुळवून एक करतो, तें या बापड्या पेटीस साधत नाहीं. परंतु फोनमध्यें किंमत जेथें जाऊन बसली आहे ती जागा फिल्मीहून वाईट आहे. ती मुलाच्या लक्षांत बसली आहे. चित्र टिपण्यास फोन काढावा तों निरोप येतो, निरोपामागून दुसरें कांहीं येतें, आणि टिपावयाचा पक्षी उडून गेलेला असतो. शिवाय टिपलेलें चित्र त्याच क्षणीं दहाजणांच्या पुढें जाऊन त्यांच्या पसंतीची वाट पाहूं लागतें. बर्निस पामरच्या पेटीकडे असा कोणी पाहत बसला नव्हता. म्हणून निराळा कॅमेरा. आणि तो घरचा नव्हे, मुलाचा.

गेल्या चार-पांच वर्षांत तरुण मुलामुलींनीं २००० ते २०१० च्या दशकांतले छोटे कॅमेरे कपाटांतून शोधून काढण्यास आरंभ केला आहे. वडिलांनीं टाकून दिलेली वस्तु मुलानें हौसेनें वापरावी हें आम्हांस आवडतें, आणि परवडणारा मार्गहि हाच. पण येथेंहि किंमत लपलेली असते. कांहीं ऑलिंपस व फुजीफिल्म कॅमेऱ्यांत २००२ सालीं निघालेलें 'एक्सडी' कार्ड लागतें. तें आतां बनत नाहीं, आणि जुनें मिळालें तर कधीं कधीं कॅमेऱ्याइतकेंच महाग पडतें. एसडी कार्डाचे फार जुने कॅमेरे दोन जीबीपेक्षां मोठें कार्ड ओळखतच नाहींत. विशिष्ट आकाराची बॅटरी मिळत नसेल तर सुरेख कॅमेरा शोभेची वस्तु होऊन बसतो. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा ओबडधोबड कॅमेरा त्यापेक्षां बरा. विकत घेण्यापूर्वीं भिंग पुढें-मागें सरकतें कीं नाहीं, भिंगाच्या आंत बुरशीचें जाळें आहे कीं काय, हें उजेडांत धरून पाहावें. कोंकणांतल्या पावसाळ्यांत राहिलेल्या कॅमेऱ्याच्या बाबतींत तर विशेष. झूम पाहावयाचा तो भिंगाचा. 'डिजिटल झूम' म्हणजे चित्राची कड कापून उरलेलें मोठें करणें, तें घरीं कोणालाहि करतां येतें.

ज्या कंपनीनें दिवाळें काढलें तिचें नांव मात्र भाड्यानें अजून फिरत आहे. २०२५ च्या सप्टेंबरांत 'कोडॅक चार्मेरा' नांवाचा, किल्ल्यांच्या जुडग्यास अडकविण्याएवढा कॅमेरा निघाला, १.६ मेगापिक्सेलांचा आणि ३० डॉलरांचा. १९०० सालचा एक डॉलर आजच्या हिशेबानें सदतीस-अडतीस डॉलरांचा होतो, तेव्हां हा ब्राउनीहूनहि स्वस्तच म्हणावयाचा. याला फिल्म लागत नाहीं. तथापि तो विकला जातो बंद डबींत. रंगरूपाचे सात प्रकार आहेत, आणि त्यांतला कोणता आपल्या वांट्यास आला हें डबी फोडल्यावरच कळतें. सातहि जमविल्यावांचून मुलांचें समाधान होत नाहीं, असें दुकानदार आनंदानें सांगतात.