कापलेला करार

मराठी बायबलचे दोन भाग: जुना करार आणि नवा करार. करार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मुद्रांकाचा कागद येतो, दोन साक्षीदार आणि अंगठा. शब्द मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे रुजलेला. ठरणं, स्थिरावणं हा त्याचा गाभा. पण ज्या हिब्रू शब्दासाठी तो योजला तो 'बरीत' कागदावर जन्मलाच नाही. जुन्या हिब्रूत करार 'कापतात'.

खरोखरच कापतात. उत्पत्ती या पुस्तकाच्या 15व्या अध्यायात देव यहुद्यांचा मूळपुरुष अब्राम याला वचन देतो आणि तीन-तीन वर्षांची कालवड, शेळी आणि एडका आणायला सांगतो. शिवाय एक होला आणि पारव्याचं पिल्लू. अब्राम जनावरं मधोमध चिरून समोरासमोर मांडतो, पाखरं तेवढी अखंड ठेवतो. मांसावर हिंस्र पक्षी झेपावतात, त्यांना हाकलत राहतो. सूर्य कलतो, त्याला गाढ झोप लागते. मग दाट अंधारात धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते.

याचा अर्थ यिर्मया या संदेष्ट्याच्या पुस्तकात, 34व्या अध्यायात उघड होतो. गुलामांना मोकळं करायचा शब्द देऊन लोक वासराच्या दोन भागांमधून चालले आणि पुढे उलटले. आता त्यांची गत त्या वासरासारखी होणार. सीरियातल्या सफीरे इथल्या, इसवी सनापूर्वी 8व्या शतकातल्या अरामी शिलालेखातही हीच भाषा आहे: वासरू कापलं तसा शब्द मोडणारा राजा कापला जावो. आपल्याकडे बेलभंडार उचलणारा देवाला साक्षी ठेवायचा. इथे चालणारा स्वतःचा देहच तारण ठेवतो. आणि त्या रात्री अब्राम चाललाच नाही. आग एकटीच गेली. शब्दाचं सगळं ओझं देवाने आपल्या अंगावर घेतलं. बायबलमध्ये याहून धाडसी रात्र मला तरी दिसत नाही.

पुढे अलेक्झांड्रियातल्या यहुदी अनुवादकांनी हे ग्रंथ ग्रीकमध्ये आणले. दोघांमधल्या तहाला ग्रीकमध्ये 'सिंथेके' हा सरळ शब्द होता. त्यांनी 'दियाथेके' घेतला: एकाने आपल्या मर्जीने लावलेली व्यवस्था, मृत्युपत्रसुद्धा. मला वाटतं, एकट्याच गेलेल्या आगीची आठवण या निवडीत आहे. त्याचंच लॅटिनमध्ये 'टेस्टामेंटुम' झालं.

दहा आज्ञांना हिब्रूत 'दहा शब्द' म्हणतात. ते कोरलेल्या दगडी पाट्या कराराच्या कोशात असत. यिर्मयाच्या 31व्या अध्यायातला नवा करार मात्र दगडावर नाही, हृदयावर लिहिला जाणार आहे. मग शेजाऱ्याने शेजाऱ्याला देव शिकवायला नको, लहानथोर सगळे त्याला ओळखतील. इथलं हिब्रू क्रियापद 'यादा' पतिपत्नीच्या जवळिकीलाही वापरतात. म्हणून 'ज्ञान' हा शब्द इथे परका वाटतो, 'ओळख' जवळची.

असा न लिहिलेला करार आपल्याकडेही जगला. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाकडे शतकानुशतकं हिब्रू ग्रंथ नव्हते. तेलाचा त्यांचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. 'शमा' ही प्रार्थना तोंडपाठ होती. मुलगा आठ दिवसांचा झाला की त्याची सुंता होई. त्या विधीचं हिब्रू नाव 'ब्रित मिला'; त्यातला 'ब्रित' म्हणजे हाच बरीत.