वालाचं बी आणि गोगलगायी

मागच्या पावसाळ्यात वारूळवाडीच्या आमच्या परसात वालाची चाळीसेक रोपं वर आली होती. बी आजीचं. राख चोळून पत्र्याच्या डब्यात ठेवलेलं, दरवर्षी पेरायचं आणि त्यातलंच पुन्हा डब्यात जायचं. एका सकाळी पाहतो तर नुसते देठ उभे. रात्री बॅटरी घेऊन गेलो तेव्हा चोर सापडले: मुठीएवढ्या गोगलगायी. ‘पोटात पाय’ हे ऐकून होतो, जिभेवर हजारो दात असतात हे नंतर कळलं.

दुकानात विषारी गोळ्या मिळतात. पण त्या कुत्र्यांनाही घातक, आणि आमचा मोत्या वाट्टेल ते खातो. आईने मीठ टाकलं. तो फेस मला बघवेना. पुण्याच्या मित्राने फोनवर सल्ला दिला, “अरे, लसूण घालून परत आणि खा! फ्रान्समध्ये पैसे मोजतात.” तो हसत होता. मी मात्र वाचायला बसलो.

खाण्यासाठी गोगलगायी पाळणं रोमन लोकांना चांगलं ठाऊक होतं. इसवीसनापूर्वी 37च्या सुमारास वारो नावाच्या लेखकाने शेतीवर पुस्तक लिहिलं. त्यात कृती आहे: भोकं पाडलेल्या मडक्याला आतून आटवलेला द्राक्षरस आणि पीठ लिंपायचं, त्यात गोगलगायी पुष्ट करायच्या. ते पीठ खपलीच्या जातीच्या गव्हाचं. म्हणजे द्राक्षं आणि खपली! नारायणगावच्या माणसाला हे सामान काही नवं नाही.

त्यानंतरच्या एक-दोन शतकांत आमचं जुन्नर नाणेघाटातून कल्याण बंदराशी, आणि तिथून रोमच्या व्यापाराशी जोडलेलं होतं. जुन्नरच्या एका शिलालेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि पाण्याची पोढी दान दिल्याची नोंद आहे. राजाने नव्हे, दाणेवाल्यांनी डोंगर कोरून घेतला! आमच्या बाजारातले आडते हे वाचून खूश होतील.

पण माझ्या परसातल्या गोगलगायी रोमच्या नव्हेत. त्या मूळच्या पूर्व आफ्रिकेतल्या. 1847 साली विल्यम बेन्सन नावाच्या इंग्रज अभ्यासकाने मॉरिशसहून आणलेल्या काही गोगलगायी कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या. हौस म्हणा. तिथून कुंड्या, रोपं, मालगाड्या यांच्या सोबतीने त्या पसरत राहिल्या. 2022च्या खरिपात लातूर, बीड, उस्मानाबादकडे त्यांनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, दुबार पेरणीची वेळ आणली. एकाच प्राण्याच्या अंगात नर-मादी दोन्ही, आणि एका वेळी शेकडो अंडी.

खाता येतात का? घाना, नायजेरियात आवडीने खातात. मात्र हीच गोगलगाय उंदराच्या फुप्फुसातल्या एका कृमीची वाहक असते. नीट न शिजवता खाल्ली तर तो माणसाच्या मेंदूपर्यंत पोचतो. म्हणून तिथे आधी काही दिवस उपाशी किंवा कोंड्यावर ठेवून पोट साफ करतात आणि मग भरपूर उकळतात. शिवाय शेजारच्या शेतात काय फवारलंय, हे मला कुठे ठाऊक! मी पातेलं चढवलं नाही.

केलं ते साधं. संध्याकाळी गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून वाफ्याकडेला अंथरलं. पहाटे खालच्या गोगलगायी वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. पहिल्या दिवशी बादली भरली. महिनाभराने चार-पाच मिळू लागल्या.

डब्यात मूठभर बी उरलं होतं, तेच उशिराने टोकलं. आमच्या मीना नदीचं पाणी घोड नदीला मिळतं, आणि घोडेच्या काठावर शिरूर तालुक्यात इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या उत्खननात तिथे तीन हजार वर्षांपूर्वीचे जव, गहू, मसूर, हुलगे सापडले, आणि वालही. हे आजीला सांगितलं, तर तिने विचारलं, “मग त्यांचं बी कुणी राखलं?”

यंदा डब्यात शेर-दीडशेर वाल आहे. राख मीच चोळली.