हा डाव कुणाच्या तालमीतला? मलिक अंबर, शहाजीराजे आणि तरुण शिवाजीराजे

आखाड्यात नवा पैलवान उतरला की भोवतीचे जुने जाणकार त्याचे नाव विचारण्याआधी वस्ताद कोण ते विचारतात. पवित्रा कुणाचा, पकड कुणाची, डाव कोणत्या तालमीतला, ही चर्चा सलामी होण्यापूर्वीच रंगते. १६४५च्या सुमारास भोर-वेल्ह्याच्या मावळात कारभार हाती घेणाऱ्या एका पंधरा-सोळा वर्षांच्या तरुणाविषयी इतिहासकारांनी हाच प्रश्न विचारला. उत्तर बहुधा ठरलेले असते : गनिमी कावा मलिक अंबराचा, तो शहाजीराजांकडे आला आणि त्यांच्याकडून शिवाजीराजांकडे. हे उत्तर खोटे नाही. अपुरे मात्र आहे.

आधी वस्तादाकडे पाहू. १६२४मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेसमोर अंबर उभा होता. त्याने तलावाचे पाणी शत्रूच्या तळाकडे सोडून चिखल केला, रसद तोडली, रात्रीचे छापे घालून छावणीची झोप उडवली आणि मगच अखेरचा घाव घातला. त्या रणात शहाजीराजे होते; त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. अंबर १६२६मध्ये वारला, शिवाजीराजांचा जन्म १६३०चा. म्हणजे गुरुशिष्यांची भेट कधी झालीच नाही. जे काही आले ते माणसांच्या आठवणींतून आले.

शहाजीराजांनी तोच डाव पुढे खेळला. १६३३मध्ये दौलताबाद पडल्यावर त्यांनी निजामशाही वंशातील एका बालकाला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे झुंज दिली. १६३६मध्ये दोन्ही फौजांनी त्यांना माहुलीच्या किल्ल्यात कोंडले. बालराजा शत्रूच्या हवाली करावा लागला आणि राजे विजापूरच्या चाकरीत गेले.

येथे पहिला फरक दिसतो. अंबर आणि शहाजीराजे दोघेही दुसऱ्याच्या गादीआडून लढले. भोर तालुक्यातील रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीशी बदअंमल केला, तेव्हा त्याला शिक्षा फर्मावणारे २८ जानेवारी १६४६चे पत्र मात्र शिवाजीराजांच्या स्वतःच्या मुद्रेचे आहे. आदिलशाही अजून नावापुरती डोक्यावर होती, हे खरे. पण गावच्या न्यायावरची मोहोर बदलली होती. लढाईचे वर्णन वाचताना असले कागद आपण उगाच ओलांडून जातो.

दुसरा फरक जमिनीचा. अंबराचा डाव घोड्याच्या पायांवर उभा होता. त्याला मोकळे माळ आणि मुबलक वैरण हवी. कानद खोऱ्यात, गुंजण मावळात भातखाचरे, ओढे, घाटवाटा आणि आषाढातले धुके. तिथे घोड्यापेक्षा वाट ठाऊक असलेला पायदळी मावळा मोलाचा. म्हणून तोरण्यानंतर मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला आणि सुमारे पाव शतक राज्याचे केंद्र तोच होता. (तोरण्यावर सापडलेल्या धनाची कथा सर्वांना पाठ असते, त्या धनाहून ही डोंगररांग अधिक कामी आली.) एका किल्ल्यात कोंडले गेल्यावर काय होते, हे माहुलीने घरातच दाखवले होते. त्यामुळे पुढचा डाव एका गडावर न टेकता गडांच्या साखळीवर टेकला, असे मानायला जागा आहे.

आणि खरी कसोटी १६५९ची. अफजलखान निघाला तेव्हा मावळच्या देशमुखांना विजापूरची फर्माने आली : खानास सामील व्हा, नाहीतर वतन गमवा. कारीचे कान्होजी जेधे हे शहाजीराजांबरोबर दक्षिणेत कैद सोसून परतलेले जुने माणूस. ते मुलांसह राजांपुढे आले आणि हातावर पाणी सोडून वतनावरचा हक्क त्यांनी सोडला. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. दोन्ही गावे आजच्या भोर तालुक्यातच आहेत. अंबराचा वारसा एखाद्या माणसाच्या रूपाने चालत आला असेल तर तो जेध्यांसारख्यांच्या रूपाने; पण वतन सोडायला अंबराने कुणाला शिकवले नव्हते.

अंबराचे नावच नको, अशीही एक ओढ हल्ली दिसते. हबशी गुलाम म्हणून दख्खनेत आलेल्या त्या सेनानीचे ऋण मान्य केल्याने मावळ्यांचे काही कमी होत नाही. उलट सगळे श्रेय वस्तादाला दिले, तर रांझ्याचा कागद आणि कारीचे पाणी दोन्ही पुसले जातात.

१६६५मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले आणि १२ हाती उरले. त्या बारांत राजगड होता आणि तोरणाही.