मिनामाताची मांजरे



मांजर वेड्यासारखे गरगर फिरू लागले आणि समुद्रात पडून बुडाले, असे कोणी सांगितले तर आपण हसून सोडून देऊ. परंतु जपानच्या क्यूशू बेटावर मिनामाता नावाचे गाव आहे. तेथील कोळीवाड्यांत १९५० नंतरच्या काही वर्षांत असेच घडत होते. मांजरे तडफडून मरत, उडते कावळे खाली कोसळत. लोक म्हणत, मांजरांना नाचरा रोग झाला आहे.

पुढे माणसांची पाळी आली. १९५६ च्या एप्रिलमध्ये गावच्या रसायन कारखान्याच्या दवाखान्यात एक लहान मुलगी आणली गेली. तिला धड चालता येईना, बोलता येईना. पाठोपाठ तिची धाकटी बहीण आजारी पडली, मग शेजारपाजारची माणसे. दवाखान्याचे प्रमुख डॉक्टर हाजिमे होसोकावा यांनी १ मे रोजी आरोग्य खात्याला कळविले की, मज्जासंस्थेचा एक अज्ञात रोग येथे पसरला आहे. लोकांना वाटले, ही साथच. रोग्यांना वेगळे ठेवले, घरांवर औषध फवारले. शेजारी त्यांच्या वाऱ्यालाही उभे राहीनात.

आता प्रश्न असा की, हा रोग ओळखायचा कोणी? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कुमामोतो विद्यापीठाने एक संशोधन मंडळ नेमले. औषधवैद्यकाचे, बालरोगांचे, विकृतिशास्त्राचे, जंतुशास्त्राचे आणि सार्वजनिक आरोग्याचे जाणकार एकत्र बसले. घरोघर हिंडणाऱ्यांना दिसले की, रोगी बहुतेक कोळ्यांच्याच घरांत आहेत व रोज खाडीतली मासळी खातात. बाहेरगावची निरोगी मांजरे आणून त्यांना हीच मासळी घातली, तेव्हा तीही आजारी पडली. म्हणजे हा रोग जंतूंचा नव्हे, विषाचा. ते विष येते मासळीतून.

पण विष कोणते? मँगनीज, सेलेनियम, थॅलियम अशी एकेक नावे पुढे आली व मागे पडली. अखेर एका जुन्या इंग्रजी निबंधाने वाट दाखविली. इंग्लंडमध्ये बियाण्याला लावण्याचे पाऱ्याचे औषध करणाऱ्या कामगारांना असाच आजार झाला होता आणि १९४० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले होते. कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी गाळ तपासला, तर टनाला सुमारे दोन किलो पारा निघाला! एका रोग्याच्या केसांत दर दहा लाख भागांत ७०५ भाग पारा सापडला. बाहेरगावच्या माणसांत तो सरासरी ४ भाग होता. जुलै १९५९ मध्ये मंडळाने जाहीर केले की, दोष सेंद्रिय पाऱ्याचा आहे.

हा पारा आला कोठून? चिस्सो कंपनीच्या या कारखान्यात १९३२ पासून ॲसिटाल्डिहाइड नावाचे रसायन तयार होई. त्या क्रियेत पारा वापरीत व त्याचा काही भाग सेंद्रिय रूप घेऊन सांडपाण्यातून खाडीत जाई. सूक्ष्म जीवांत तो शिरे, त्यांना लहान मासा खाई, लहानाला मोठा खाई. प्रत्येक पायरीवर विष साठत जाई आणि शेवटच्या पायरीवर बसलेला असे माणूस.

डॉ. होसोकावांनीही स्वतः एक प्रयोग केला. कारखान्याचे सांडपाणी अन्नात कालवून त्यांनी ४०० क्रमांकाच्या मांजराला घातले. ऑक्टोबर १९५९ मध्ये ते मांजरही तसेच आजारी पडले. कंपनीने हा निकाल बाहेर जाऊ दिला नाही. पुराव्याचे मांजर हाती असताना सांडपाणी वाहतच राहिले. १९६५ मध्ये दुसऱ्या एका कंपनीच्या कारखान्यामुळे निइगाता येथे हाच रोग उद्भवला. सरकारने मिनामाताचे कारण मान्य केले ते सप्टेंबर १९६८ मध्ये. कारखान्यातील ते उत्पादन त्याच वर्षी मे महिन्यात थांबले होते. १९७० मध्ये डॉ. होसोकावांनी आजारपणात अंथरुणावरून न्यायालयापुढे त्या मांजराची साक्ष दिली आणि त्याच वर्षी ते वारले. १९७३ साली निकाल रोग्यांच्या बाजूने लागला.

आणखी एक गोष्ट शिक्षक बंधुभगिनींनी मुलांना जरूर सांगावी. वार पोटातल्या बाळाला विषापासून जपते, असा त्या काळी समज होता. मिनामातात मात्र आई वरकरणी धडधाकट आणि मूल जन्मतः पांगळे, असे दिसू लागले. मासाझुमी हाराडा या तरुण डॉक्टरांनी त्या आयांचे म्हणणे मनावर घेतले. जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ जपून ठेवतात. पुढे त्या नाळा तपासल्या, तेव्हा त्यांत पारा सापडला. आयांचे म्हणणे खरे ठरले.

पाऱ्याला आळा घालणारा जो आंतरराष्ट्रीय करार २०१३ साली झाला, त्याला मिनामाताचेच नाव आहे. तेव्हा मंडळी, ओढ्यातले मासे मरून वर आले, गुरे पाण्याला तोंड लावीनाशी झाली, तर ते पाहणाऱ्या गुराख्याचे बोलणे हसण्यावारी नेऊ नका. कोठे, केव्हा, किती, हे वहीत टिपून ठेवा आणि आरोग्य केंद्रात कळवा. मिनामाताच्या शोधाला तशाच बोलण्यापासून सुरुवात झाली होती.