भुंकण्याचा धावता इतिहास

भुंकणाऱ्या कुत्र्याला गप्प कसं करावं, हा प्रश्न निदान महाभारताइतका जुना आहे. पांडवांचा कुत्रा रानात गेला, तिथं मळक्या अंगाचा, काळं मृगाजिन ल्यालेला एकलव्य दिसला आणि तो भुंकू लागला. (अनोळखी माणूस आणि वेगळा वेष, या दोन मुद्द्यांवर आमच्या गडमुडशिंगीची कुत्रीही तितकीच ठाम असतात.) एकलव्यानं त्याच्या तोंडात सात बाण मारले. कुत्रा गप्प झाला खरा, पण बाणांसकट पांडवांपुढं जाऊन उभा राहिला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. एका कुत्र्याचं भुंकणं थांबवणं इतकं महागात दुसऱ्या कुणाला पडलं नसेल.

बरं, न भुंकावं तरी पंचाईत! इ.स.पू. ३९० च्या सुमारास गॉल लोक रात्रीचे रोमच्या टेकडीवर चढून आले, तेव्हा तिथली कुत्री गाढ झोपली होती. कलकलाट केला तो जूनो देवीच्या हंसांनी. झालं! पुढं रोममध्ये दरसाल हंसांची मिरवणूक निघे आणि कुत्री क्रुसावर चढवली जात, असं जुने लेखक सांगतात. कुत्र्यानं करावं तरी काय?

खरं पाहता ही खोड त्याला आपणच लावली. मोठा झालेला लांडगा क्वचितच भुंकतो. त्याच्या वंशातलं जे जनावर माणसाच्या उंबऱ्याशी आलं आणि परक्याची चाहूल लागताच ओरडलं, ते आपण ठेवून घेतलं. हजारो वर्षं हीच नोकरभरती चालू होती. पगार भाकरीचा, काम ओरडण्याचं. आता घराला लोखंडी फाटक आलं, शेजारी दहा फुटांवर आला, आणि आपण त्याला कामच करू नकोस म्हणतो.

सरकारनं मनावर घेतलं तर काय होतं, ते मुंबईनं १८३२ साली पाहिलं. भटकी कुत्री मारायला कंपनी सरकारचे शिपाई निघाले, कुत्र्यामागे आठ आणे. कारण भुंकण्यापेक्षा पिसाळण्याचं होतं, पण आठ आणे म्हटल्यावर शिपायांना पाळीव काय नि भटकं काय! ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, कोटात हे सुरू झालं. पारशी धर्मात कुत्र्याला मोठा मान. प्रेतालासुद्धा त्याची नजर लागते. लोकांनी शिपायांना बदडलं, दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, कुलाब्याच्या फौजेचं अन्नपाणी तुटलं, आणि शेवटी लष्कर बोलवावं लागलं.

आमच्या गल्लीत अजून लष्कर आलेलं नाही. पण आबांच्या मोत्यावरून वेळ तशी आली होती.

"आबा, मोत्या दिवसभर भुकतोय."

"मग काय गाणं म्हणू दे व्हय? कुत्रं हाय त्ये."

मोत्या फाटकाला साखळीनं बांधलेला. रस्त्यावरनं सायकलवाला गेला की भुंकायचा, आणि सायकलवाला निघून जायचा. पोस्टमन यायचा, भुंकणं ऐकून जायचा. गावाला लागून उजळाईवाडीचा विमानतळ. विमान आलं की मोत्या आभाळाकडं तोंड करून भुंकायचा, आणि विमानही जायचं! एवढं मोठं धूड ज्यानं रोज पळवून लावलं, त्यानं भुंकणं का सोडावं? वर आबा ओसरीवरनं "गप रं!" म्हणून ओरडायचे. मोत्याला वाटायचं, मालकही साथीला आले.

आबांच्या नातवानं विजेचा झटका देणारा पट्टा मागवायचं काढलं. म्हणजे एकलव्याचेच बाण, फक्त बॅटरीवर चालणारे. वेल्समध्ये असल्या पट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे. झटक्यानं कुत्रं गप्प होतं, पण ज्याला भ्यालं त्याची भीती जात नाही, उलट वाढते. मी आबांना आपल्याकडचा १९६० चा प्राणिक्रौर्याचा कायदा सांगितला. कायम साखळीला ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं हिंडवलं नाही, तर तो मालकाचा गुन्हा.

"म्हंजे भुकणार त्यो, आन् आत जाणार मी?" आबा म्हणाले. कायद्याचा असा चोख अर्थ मी वकिलांकडूनही ऐकलेला नाही.

मग मोत्याची जागा फाटकावरनं परसात गेली, म्हणजे रस्ता दिसणं बंद. सकाळ-संध्याकाळ आबा त्याला शिवारातनं फिरवू लागले, मनसोक्त हुंगू देऊ लागले. दोन-तीनदा भुंकला की ओरडायचं नाही. नावानं बोलवायचं आणि गप्प झाल्या क्षणी भाकरीचा तुकडा द्यायचा. भुंकताना दिला, तर भुंकण्याचाच भाव वाढतो. हे आबांना पटवायला मोत्याला शिकवण्यापेक्षा जास्त दिवस लागले. महिना-दीड महिन्यात गल्लीला दुपारची झोप लागू लागली.

विमान मात्र परसातनंही दिसतं. त्यावर तो अजून भुंकतो. मी त्यावरही उपाय सांगणार होतो, तर आबांनी हात केला.

"ऱ्हाऊ दे मास्तर. एवढं एक इमान तरी त्येच्या वाटणीला असू दे."