सुट्ट्या बिडीवर इशारा कुठे छापायचा?

सारंगखेड्याची यात्रा तुम्ही पाहिली असेल तर घोडेच आठवतील. मार्गशीर्षातली थंडी, एकमुखी दत्ताच्या दर्शनाची रांग, तापीकाठची धूळ आणि त्या धुळीत घोड्यांचे व्यवहार. मी मात्र तिथे एका पानटपरीसमोर तासभर उभी होते. पीएच.डी. करणाऱ्या माणसाचं हे असंच होतं, लोक घोडे बघतात आणि आपण बिडीचं बंडल बघतो.

एक आबा आले. "दोन दे." टपरीवाल्याने फळीखाली हात घातला, बंडलातून दोन बिड्या ओढल्या आणि पुढे केल्या. आबांनी टपरीला टांगलेल्या जळत्या सुतळीवर एक पेटवली, दुसरी कानावर ठेवली आणि निघाले. बंडल फळीखालीच राहिलं. त्याच्यावर छापलेलं रोगाचं चित्र आबांनी पाहिलंच नाही.

माझा प्रबंध ह्याच चित्राच्या इतिहासावर आहे. सुरुवात होते १९७५ पासून. त्या वर्षी संसदेने सिगारेटसाठी कायदा केला आणि पाकिटावर 'सिगारेट ओढणे आरोग्यास अपायकारक आहे' अशा अर्थाचं वाक्य सक्तीचं झालं. नीट बघा, कायदा फक्त सिगारेटचा. बिडी नाही, खायची तंबाखू नाही. भाषेचा नियमही गमतीचा होता. पाकिटावर जी भाषा, त्या भाषेत इशारा. सिगारेटची पाकिटं बहुतेक इंग्रजीत, म्हणजे इशाराही इंग्रजीत. शहादा तालुक्यात अहिराणी, गुजर बोली किंवा पावरी बोलणाऱ्या, त्यातही बिडीच ओढणाऱ्या माणसाशी ह्या कायद्याने एक शब्दही बोललेला नाही. खायच्या तंबाखूवर इशारा आला तो १९९० मध्ये, अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांतून. बिडी तरीही मोकळीच.

बिडी पकडीत आली २००३ च्या कायद्याने. आपण ज्याला 'कोटपा' म्हणतो तोच. ह्यात सिगारेट, बिडी, जर्दा, गुटखा सगळं एका दावणीला बांधलं गेलं. इशाऱ्यासोबत चित्रही हवं, हा विचार इथूनच आला. ज्याला वाचता येत नाही त्याला निदान दिसेल. नंदुरबारसाठी ही बाब छोटी नाही. २०११ च्या जनगणनेत राज्यात सर्वांत कमी साक्षरता ह्याच जिल्ह्याची होती, साधारण ६४ टक्के.

पण चित्र कोणतं? मूळ कायद्यात कवटी आणि दोन हाडांचा उल्लेख होता. डीपीवरची कवटी गावात कुणालाही कळते. २००७ च्या दुरुस्तीत ती सक्ती निघाली. अखेर ३१ मे २००९ पासून चित्रं आली, तीही पाकिटाच्या फक्त पुढच्या बाजूला, ४० टक्के जागेत. ओढायच्या मालावर फुफ्फुसं आणि खायच्या तंबाखूवर विंचू!

ह्या विंचवापाशी मी बराच काळ अडकले होते. आपल्याकडे तंबाखूची पुडी नावाने कमी आणि छापाने जास्त ओळखली जाते. गाय, वाघ, कोंबडा, पोपट. त्या रांगेत विंचू बसवला तर तो इशारा वाटेल की आणखी एक छाप? दिल्लीत बसून चित्र निवडणाऱ्यांना हा प्रश्न पडला नसावा असं माझं मत आहे. पुढे २०११ च्या डिसेंबरपासून नवी चित्रं आली आणि कर्करोगाची तोंडं दिसू लागली.

पुढचा टप्पा ८५ टक्क्यांचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये अधिसूचना निघाली की दोन्ही बाजूंनी ८५ टक्के जागा इशाऱ्याला द्यायची, १ एप्रिल २०१५ पासून. तारीख तोंडावर आली आणि संसदेच्या समितीने ती थांबवायला सांगितलं. समितीचे अध्यक्ष होते आपल्या अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी. तंबाखूने कर्करोग होतो हे सिद्ध करणारं भारतीय सर्वेक्षण नाही, अभ्यास सगळे परदेशातले, असं त्यांचं म्हणणं होतं.

हे वाचलं तेव्हा मी ग्रंथालयात जवळजवळ ओरडलेच. कारण माझ्यासमोर १९७२ चा एक शोधनिबंध उघडा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांत फिरून १,०१,७६१ माणसांची तोंडं तपासली होती. एक लाखावर! विषयच तोंडाचा कर्करोग, त्याच्या आधीची लक्षणं आणि तंबाखूच्या सवयी. त्याच्याही आधी, १९५५ मध्ये, टाटा मेमोरियलमधले संघवी, राव आणि खानोलकर ह्यांनी धूम्रपान, तंबाखू चघळणं आणि कर्करोग ह्यांचा संबंध ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांडला होता. ज्या खेडुतांनी आपली तोंडं उघडून दाखवली, त्यातले कितीतरी २०१५ पर्यंत हयातही नसतील. आणि पुरावा नाही, असं सांगितलं गेलं.

८५ टक्के शेवटी वर्षभर उशिरा, १ एप्रिल २०१६ ला लागू झाले. डिसेंबर २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, महिनाभरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. चित्र टिकलं.

आता पुन्हा त्या फळीखाली या. चाळीस वर्षं भांडण चाललं ते पाकिटावरच्या जागेचं, ४० की ८५. ग्राहक पाकीट विकत घेतो हे सगळ्यांनीच गृहीत धरलेलं. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने सुट्टी सिगारेट आणि सुट्टी बिडी विकण्यावर बंदी आणली, तिचं कारण हेच. सुट्ट्या मालासोबत इशारा जात नाही. माझ्या मते हा ग्राहकाचा हात नीट पाहणारा आदेश. पण मजुरीचे पैसे रोज हातात येतात, तेही मोजके. दोन बिड्यांचे पैसे असतात, बंडलाचे नसतात. आदेशाने हा हिशेब बदलत नाही, म्हणून दत्तजयंतीला आबांना दोन बिड्या मिळाल्या.

जाताना मी टपरीवाल्याला विचारलं, "हे चित्र बघून कुणी काही म्हणतं का?"

"गिऱ्हाइकाला कुठं दिसतंय ताई," तो म्हणाला. "मलाच दिसतं दिवसभर. मी सोडली दोन वर्षं झाली."