जमिनीचा आवाज

रेल्वे-स्थानकावर किंवा एखाद्या मोठ्या देवळाच्या दाराशी तपासणीच्या चौकटीतून जाताना खिशातल्या किल्ल्यांमुळे यंत्र ओरडते, हा अनुभव आपल्यापैकी बहुतेकांना आहे. यंत्राला धातू कळतो, एवढी खूणगाठ बांधून आपण पुढे जातो. पण हेच यंत्र शेतात वा माळावर नेले, की त्याच्यापुढे निराळाच पेच उभा राहतो. तेथे धातू बोलतो आणि त्याच्याबरोबर जमीनही बोलते. या यंत्राचा इतिहास म्हणजे हे दोन आवाज निवडून वेगळे करण्याचा इतिहास होय, असे आम्हास वाटते.

त्याचा आरंभ एका रुग्णाच्या बिछान्यापाशी झाला. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर वॉशिंग्टनच्या स्थानकावर गोळ्या झाडण्यात आल्या. एक गोळी शरीरात राहिली. ती नेमकी कोठे, हे कळेना. क्ष-किरणांचा शोध लागावयास अजून चौदा वर्षे होती. तेव्हा टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल पुढे आले. त्यांनी तारेची दोन वेटोळी अशी जुळवली, की एकीतल्या खंडित प्रवाहाचा दुसरीत मागमूसही लागू नये. दुसरीला जोडलेला टेलिफोन मुका राहावा. जवळ धातू आला की हा तोल ढळे आणि कानात गुणगुण उठे. प्रयोगशाळेत युक्ती साधली. रुग्णापाशी मात्र आवाज येई तो फार मोठ्या भागावर येई. मागाहून उलगडा झाला, की गादीखाली पोलादी तारांची जाळी होती! शिवाय उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी शोध उजव्या बाजूलाच करू दिला. शवविच्छेदनात गोळी डावीकडे निघाली. १९ सप्टेंबरला अध्यक्ष निवर्तले. यंत्र खोटे बोलले नव्हते. भोवतालात काय आहे, हे मात्र आधी कोणी पाहिले नव्हते.

पुढे कॅलिफोर्नियात गेरहार्ड फिशर या जर्मन वंशाच्या अभियंत्याला असाच अडथळा भेटला. विमानांसाठी रेडिओने दिशा शोधण्याचे त्याचे उपकरण धातूच्या इमारतींजवळ आणि खनिजयुक्त डोंगरांपाशी चुकू लागले. त्याने त्या चुकीचाच उपयोग करून घेतला, आणि १९३७ साली त्याला धातुशोधकाचे पेटंट मिळाले. ज्या जमिनीने उपकरण फसवले, तिनेच नवे उपकरण सुचवले.

दुसऱ्या महायुद्धात या विद्येवर माणसांचे प्राण टांगले गेले. पोलंडचे सैनिकी अधिकारी योझेफ कोसात्स्की यांनी हातात धरून चालावयाचा सुरुंगशोधक रचला आणि त्याचे पेटंट न घेता तो ब्रिटिश सेनेला दिला. १९४२ साली एल् अलामेनच्या वाळवंटात तो कामी आला. अर्थात शत्रूही स्वस्थ बसला नाही. त्याने लाकडी पेट्यांचे व काचेचे सुरुंग पेरले.

आता वेटोळ्याच्या निवडीकडे वळू. वेटोळे मोठे घेतले, तर शोध खोल जातो. पण त्याच्या टप्प्यात मातीही अधिक येते, आणि बारीक नाणे हातचे निसटते. खिळे-पत्रे विखुरलेल्या जागी किंवा लोहयुक्त मातीत लहान वेटोळेच बरे. इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची, एकमेकांवर थोडी सरकवलेली दोन वेटोळी एका अरुंद पट्टीतच जमीन चाचपतात, म्हणून मातीचा गोंगाट कमी होतो. समुद्रकाठच्या ओल्या वाळूत मीठ स्वतःच वीज वाहून नेते. तेथे निराळा तोल साधावा लागतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात १९८० साली अशा यंत्राने सुमारे २७ किलोंचा सोन्याचा गोळा मिळाला. पण तिकडची लोहयुक्त लाल माती यंत्राला सतत चकवीत असे. तेथे अखेर विजेचे तुटक ठोके देऊन, ठोका थांबल्यावर परत येणारा प्रतिसाद ऐकण्याची पद्धत अधिक उपयोगी पडली.

आपल्याला हे दूरचे वाटू नये. दख्खनच्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असते, आणि त्याच दगडाची झीज होऊन आपली काळी माती झाली. कोकणातील जांभा तर लोहाने रंगलेला. म्हणजे आमच्या पायाखालची भूमी मुकी नाही. तिच्यावर आंधळेपणाने यंत्र फिरवणारा फसणारच.

आणि येथेच इतिहासाभ्यासकाचा मार्ग वेगळा होतो. यंत्र बनविणाऱ्याला माती हा अडथळा. आम्हाला ती साक्षीदार. अमेरिकेत लिटल् बिगहॉर्नच्या रणभूमीवर (ही लढाई १८७६ सालची) १९८४ साली पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधकांनी सापडलेल्या प्रत्येक काडतुसाची जागा खुणेने टिपली. त्यावरून कोणती बंदूक कोठून कोठे सरकली, हे पाहता आले. तेच काडतूस खिशात टाकले असते, तर धातूचा तुकडा तेवढा उरला असता. आपल्याकडे १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांहून अधिक मोलाचा पुरलेला ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक आहे. कायद्याची भीती ही एक गोष्ट झाली. त्याहून मोठी गोष्ट ही, की वस्तू उपटली की तिच्या भोवतीच्या मातीची साक्ष कायमची पुसली जाते. म्हणून यंत्राचा आवाज ऐकू आला, की कुदळ उचलण्याआधी जमीन काय म्हणते, तेही ऐकून घ्यावे.